खेळ हा चरितार्थाचा मार्ग होऊ शकेल काय?

आपल्या मुलाने मोठेपणी काय व्हावे, ह्या प्रश्नाची खानदेशातील पालकांची उत्तरे पूर्वी बहुधा ठरलेली असत. ज्याच्या घरी कपाशीचा किंवा केळीचा मळा असे, तो मुलास शेतीकडे वळवी. भुसावळास ज्याचा बाप रेल्वेत नोकरीस असे, त्या मुलाची नजरही रेल्वेवर असे. उरलेले शिक्षक, कारकून, वकील व डॉक्टर ह्यांच्या वाटेने जात. खेळ ह्या यादीत कोठेच नव्हता. खेळणे म्हणजे अभ्यास चुकविणे, अशीच बहुतेक घरांतून समजूत होती. हल्ली मात्र जळगाव व धुळे येथील पालक शिक्षकांस एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. मुलगा मैदानावर चांगला चमकतो. त्याला खेळातच घातले तर कसे होईल?

हा प्रश्न कोठून आला, हे सर्वांस ठाऊक आहे. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, आणि तेव्हापासून दरवर्षी खेळाडूंच्या लिलावाचे आकडे घरोघरी वाचले जातात. पुढे २०१४ साली कबड्डीचेही व्यावसायिक सामने सुरू झाले. आकडे वाचून दोन प्रकारचे पालक तयार झाले आहेत. पहिल्या प्रकारच्या पालकांस हे सर्व मृगजळ वाटते. ते मुलाची बॅट माळ्यावर टाकून मोकळे होतात. दुसऱ्या प्रकारचे पालक मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर केवळ नावापुरते ठेवतात, पुण्यास किंवा मुंबईस एखादी खोली घेतात, आणि घरची शिल्लक त्या एका मुलाच्या मनगटावर लावतात.

माझे मत असे आहे की, ह्या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या चुकीचे मूळ एकच आहे. दोघेही खेळाकडे सोडत म्हणून पाहतात. एकाला ती लागणार नाही अशी खात्री असते, दुसऱ्याला ती लागेलच अशी. वस्तुतः खेळाचा धंदा ही सोडत नसून उमेदवारी आहे. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचे काम शिकणारा पोरगा जशी वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली बसून हात तयार करतो, तशीच ही उमेदवारी असते. तिच्यात वर्षे पुष्कळ जातात, मोबदला थोडा मिळतो, आणि बहुतेकांची चढण मधल्याच एखाद्या पायरीवर थांबते. म्हणून "माझा मुलगा प्रसिद्ध होईल काय?" हा प्रश्नच विचारू नये. विचारावयाचे ते असे की, आज तो ज्या पायरीवर उभा आहे तेथे तो काय शिकत आहे, आणि ती पायरी मोडली तर त्याचा पाय कोठे पडेल?

ही उमेदवारी उघड्या डोळ्यांनी पाहावयाची असेल तर क्षणभर अमेरिकेतील बेसबॉलकडे पाहावे. आपल्याकडील शालेय स्पर्धांत हा खेळ व त्याचे धाकटे भावंड सॉफ्टबॉल ही दोन्ही खेळली जातात, त्यामुळे कित्येक विद्यार्थ्यांस त्याची ओळख आहेच. नव्वद नव्वद फुटांच्या चार बाजूंचा एक चौकोन असतो व त्याच्या चार कोपऱ्यांस बेस म्हणतात. ह्या चौकोनाच्या आसपास, फलंदाजाच्या समोर, चार क्षेत्ररक्षक उभे असतात: पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या बेसचे तीन, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप. ह्यांस आतले क्षेत्ररक्षक म्हणावे. जमिनीलगत सणसणत येणारा चेंडू उचलून, धावणारा गडी बेसवर पोचण्यापूर्वी तो अचूक फेकणे, हे त्यांचे काम. ह्या कामाला क्वचितच टाळ्या पडतात. चूक झाली की मात्र साऱ्या मैदानाला ती दिसते.

अशा एखाद्या तरुण आतल्या क्षेत्ररक्षकाची चढण कशी असते पाहा. तेथील सर्वोच्च पातळीवर ३० संघ आहेत. प्रत्येक संघात अशा चार जागा, म्हणजे सर्वोच्च पातळीवर आतल्या क्षेत्ररक्षकांच्या जागा अवघ्या १२०. ह्या थोड्या जागांसाठी दरवर्षी सुमारे ६०० मुले नव्या निवडीतून घेतली जातात. शिवाय इतर देशांतून शेकडो मुलांशी करार होतात, त्यांतील काही तर केवळ सोळा वर्षांची असतात. निवड झाली की मुलगा एकदम वर जातो असे नाही. प्रत्येक मोठ्या संघाच्या खाली शिकाऊ संघांच्या चार पायऱ्या आहेत, आणि त्यांच्याही खाली नवशिक्यांचे संघ. लहान गावांतून रात्रभर बसने प्रवास करीत, प्रत्येक पायरीवर स्वतःस सिद्ध करीत, मुलाने वर जावयाचे. ह्यात बहुधा चार-पाच वर्षे जातात, आणि बहुसंख्य मुले सर्वांत वरच्या पायरीवर एकदाही पाऊल टाकीत नाहीत.

आता मोबदला पाहू. २०२२ सालापर्यंत ह्या चार पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवरील खेळाडूस वर्षाला सुमारे ११,००० डॉलर मिळत. अमेरिकेत एवढ्यात एका माणसाचाही निर्वाह नीट होत नाही. म्हणून कित्येक खेळाडू एकेका खोलीत दाटीने राहत व हंगाम संपला की मिळेल ते काम धरीत. खेळाडूंनी संघटना केली तेव्हा २०२३ साली हा आकडा २६,२०० वर गेला, आणि सर्वांत वरच्या शिकाऊ पायरीवर तो ३५,८०० झाला. त्याच वर्षी सर्वोच्च संघातील खेळाडूचे किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. म्हणजे शेवटच्या पायरीच्या अलीकडे व पलीकडे उभ्या असलेल्या दोन मुलांच्या कसबात कदाचित एका हाताचे अंतर असेल. त्यांच्या मिळकतीत मात्र वीस पटींचे अंतर आहे. वर्तमानपत्रात आपण पलीकडचा आकडा वाचतो. अलीकडचा कोणी छापीत नाही.

तथापि तेथील पालकांची एक गोष्ट आपण अवश्य घेण्यासारखी आहे. शाळा संपताच करार करणाऱ्या मुलांचे पालक पुष्कळदा त्या करारातच पुढील महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च लिहवून घेतात. खेळ सुटला तर मुलगा परत येऊन शिकू शकेल, अशी ही तजवीज आहे. मुलाच्या कर्तृत्वाविषयी त्यांस शंका असते म्हणून ते असे करीत नाहीत. कोपर किंवा गुडघा हे कर्तृत्वाचे चाकर नाहीत, हे त्यांना माहीत असते.

आपल्या देशातील दोन मुलांनी ही शिडी प्रत्यक्ष चढून पाहिली आहे. २००८ साली भारतात वेगवान चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. तीतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले. दोघांनीही त्यापूर्वी बेसबॉल खेळला नव्हता. त्यांना अमेरिकेस नेऊन शिकविण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण चित्रपट संपतो तेथे शिडी संपत नाही. दिनेश पटेल ह्यास २०१० साली संघाने मोकळे केले व तो मायदेशी परतला. रिंकू सिंग आणखी एक-दोन पायऱ्या चढला. पुढे दुखापतींनी त्याचा हात निकामी केला, आणि २०१८ साली तो अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीकडे वळला. ह्यांना अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. दोघांनी धैर्य दाखविले व पुष्कळ मिळविले. परंतु बेसबॉलवर आयुष्य काढावे असे त्यांतील एकासही साधले नाही, हेही तितकेच खरे आहे.

हे झाले परदेशाचे. आपल्या क्रिकेटची शिडी काही निराळी नाही. खानदेशातील मुलगा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. त्याने प्रथम जिल्ह्याच्या संघात यावयाचे, मग सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील व तेवीस वर्षांखालील संघांची निवड, आणि त्यानंतर रणजी करंडक. रणजी सामन्यांत ३८ संघ आहेत. प्रत्येकी पंधरा गडी धरले तरी एवढ्या मोठ्या देशात अवघ्या ५७० मुलांना जागा. चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर किंवा साक्री येथील मुलाला ह्या शिडीच्या तळाशी पोचण्यासाठीच मोठ्या शहरातील मुलापेक्षा अधिक प्रवास करावा लागतो. ही अडचण खरी आहे. पण ती दुर्लंघ्य नाही. ती कोणी कशी ओलांडली ह्याचे, बेसबॉलच्या आतल्या क्षेत्ररक्षकास सर्वांत जवळचे असे मराठी उदाहरण म्हणजे एकनाथ सोलकर.

एकनाथ सोलकर ह्याचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे माळी होते, आणि हे कुटुंब त्या मैदानावरच एका खोलीच्या झोपडीत राहत असे. ज्या हिरवळीवर इतरांची मुले खेळावयास येत, ती हिरवळ राखणाऱ्याचा हा मुलगा. घरी पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. होते ते केवळ मैदान. शाळकरी वयात तो इतका पुढे आला की, १९६५-६६ साली लंडनच्या शाळकरी संघाविरुद्ध भारतीय शाळांच्या संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. सुनील गावसकर त्या संघात त्याच्या हाताखाली खेळला. पुढे इंग्लंडातील ससेक्स परगण्याच्या दुय्यम संघात त्याने उमेदवारी केली, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध तो पहिला कसोटी सामना खेळला.

सोलकर हा अगदीच सामान्य फलंदाज नव्हता. १९७१ साली किंग्स्टन येथे भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असता दिलीप सरदेसाईंच्या जोडीला उभे राहून त्याने ६१ धावा केल्या, व दोघांनी १३७ धावांची भर घातली. डाव्या हाताने तो गोलंदाजीही करी. परंतु नुसत्या फलंदाजीवर किंवा नुसत्या गोलंदाजीवर भारताच्या संघात त्याची जागा पक्की झाली नसती. ती पक्की झाली क्षेत्ररक्षणाने. त्या काळी बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन हे चार फिरकी गोलंदाज भारताचे मुख्य बळ होते, आणि त्यांचा चेंडू बॅटीची किंवा पॅडची कड घेऊन उडाला तर तो झेलावयास फलंदाजाच्या अगदी अंगाशी कोणीतरी उभे राहणे भाग होते. ती जागा कोणालाच आवडत नाही. फटका बसला तर तो थेट अंगावर येतो. सोलकर ती जागा मागून घेई आणि शिरस्त्राण न घालता तेथे वाकून उभा राही.

ह्याचे फळ १९७१ च्या ऑगस्टात लंडनच्या ओव्हल मैदानावर दिसले. पहिल्या डावात त्याने तीन गडी बाद केले व ४४ धावा काढल्या. दुसऱ्या डावात इंग्लंडचा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट, ज्याने पहिल्या डावात ९० धावा काढल्या होत्या, तो वेंकटराघवनच्या चेंडूवर एकच धाव करून बाद झाला, तो सोलकरने पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेल्या झेलामुळे. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी बाद केले. आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळविला. एकूण २७ कसोटी सामन्यांत सोलकरने ५३ झेल घेतले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. यष्टिरक्षक नसलेल्या गड्यास हे प्रमाण क्वचितच साधते.

ह्या चरित्रातून विद्यार्थ्यांनी पहिला धडा घ्यावयाचा तो असा. फलंदाजीतील लालित्य काही अंशी जन्मजात असते. वेगवान गोलंदाजाची उंची व खांदे तर सर्वस्वी जन्माने येतात. परंतु क्षेत्ररक्षण हे प्रामुख्याने श्रमाने येते. पहाटे भिंतीवर चेंडू मारून तो शंभर वेळा झेलावयास ना महागडे साहित्य लागते, ना पुण्याची खोली. लहान गावातील गरिबाच्या मुलास शिडीवर पहिले पाऊल ठेवावयाचे असेल, तर जे काम इतर मुले टाळतात ते आपल्या अंगी मुरवावे. निवड करणाऱ्यास दोन सारखे फलंदाज दिसले तर तो त्यांतील चांगला क्षेत्ररक्षक घेतो. मात्र एका बाबतीत सोलकरचे अनुकरण कोणी करू नये. १९९८ साली ढाक्यास रमण लांबा हा भारताचा माजी खेळाडू अशाच जवळच्या जागी शिरस्त्राणावाचून उभा असता डोक्यास चेंडू लागून मृत्यू पावला. आज शिरस्त्राण उपलब्ध असता ते न घालणे हे शौर्य नव्हे.

दुसरा धडा पालकांसाठी आहे, आणि तो साध्या वजाबाकीचा आहे. सोलकर शेवटचा कसोटी सामना जानेवारी १९७७ मध्ये खेळला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. इतर सामने तो त्यानंतरही काही वर्षे खेळला. पण देशाच्या संघाचे दार वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बंद झाले. २६ जून २००५ रोजी त्याचे निधन झाले. म्हणजे त्या दारापलीकडे त्याच्यापुढे आणखी २८ वर्षे होती. जितके आयुष्य त्या सामन्यापर्यंत झाले होते, तितकेच त्यानंतर उरले होते! हा तर सर्वोच्च पायरीवर पोचलेल्याचा हिशेब. जो मधल्या पायरीवर तेविसाव्या वर्षी थांबला, त्याच्यापुढे किती वर्षे उरतात ह्याचा पालकांनी विचार करावा, आणि मगच मुलास शाळेतून काढण्याची भाषा बोलावी.

ह्यावर एक आक्षेप येतो, व तो टाकाऊ नाही. लोक म्हणतात, "ज्याने एक पाय नेहमी होडीबाहेर ठेवला तो नदी कशी उतरणार? कित्येक मोठे खेळाडू महाविद्यालयाची पायरी न चढताच मोठे झाले." हे खरे आहे. खेळ संपूर्ण मन मागतो, आणि सतरा-अठरा ह्या वयात वर्षभर हात आखडता घेतला तर गेलेले वर्ष परत येत नाही. परंतु महाविद्यालय सोडून जे मोठे झाले त्यांची चरित्रे लिहिली गेली. महाविद्यालय सोडून जे मोठे झाले नाहीत त्यांची कोणी लिहिली नाहीत. एका यादीवरून हिशेब करणारा व्यापारी बुडतो. म्हणून माझी सूचना मधली आहे. शालान्त परीक्षेपर्यंत शाळा सुटता कामा नये. त्यापुढे एकोणीस वर्षांखालील संघांचे वय संपेपर्यंत मुलास मोकळ्या मनाने खेळू द्यावे. महाविद्यालयात एखादे वर्ष मागे पडला तरी त्यास बोल लावू नये. त्या मुदतीत राज्याच्या निवडीपर्यंत तो पोचला तर पुढे जावे. न पोचला तर घरातील सर्वांनी एकत्र बसून, मुलास अपराधी न ठरविता, दुसरी वाट धरावी. मुदत आधी ठरलेली असली म्हणजे निराशेला कडवटपणा येत नाही.

दुसरी वाट म्हणजे खेळापासून हद्दपारी नव्हे. रेल्वे व पोलीस ही खाती खेळाडूंस नोकऱ्या देत आली आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. आपल्या जळगावातील जैन इरिगेशनसारख्या कारखान्याने क्रिकेट व कॅरम ह्यांतील खेळाडूंना नोकरीत घेतले आहे. पण ह्यांतील बहुतेक जागांसाठी शिक्षणाची अट असते. शाळा सोडलेल्या मुलाला ते दार उघडत नाही. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पंच, गुणलेखक, अंगमर्दन व व्यायामोपचार जाणणारा, मैदानाची निगा राखणारा असे कितीतरी व्यवसाय मैदानाच्या कडेला उभे आहेत. त्यांतील प्रत्येकास वाचणे, लिहिणे व मोजणे लागते.

मुलींच्या पालकांस एक शब्द. २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, व ही शिडी आता मुलींपुढेही उभी आहे. वर सांगितलेले सर्व त्यांनाही तंतोतंत लागू पडते. मात्र मुलीच्या बाबतीत पालकांची चूक बहुधा पहिल्या प्रकारची असते. तिला शिडीवर चढूच दिले जात नाही, आणि मग मुलींना खेळ येत नाही असा निष्कर्ष काढला जातो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी थोडेच खेळावर पोट भरतील. परंतु जे काम कोणी मागत नाही ते मागून घेणे, आणि पाहणारा कोणी नसतानाही ते चोख करणे, हे मैदानावर जो शिकेल त्याला कोणत्याही धंद्यात जागा मिळेल. तुमच्या आईबापांनी मात्र तुम्हास मैदानावर पाठविताना वह्यापुस्तकेही जवळ ठेवण्यास सांगितले, तर त्यात तुमच्या खेळावरचा अविश्वास पाहू नका. तुमच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब ते करीत असतात, आणि त्यात मैदानावरची वर्षे नेहमीच थोडी असतात.